सर ट्रुबी किंग आणि न रडणारं बाळ



इथे आपण बहुतेक वेळा आपल्याच समाजातल्या मोठ्या माणसांविषयी वाचतो. आज मी मात्र एका परक्या गृहस्थांचं चरित्र सांगणार आहे. ते ना आपल्या धर्माचे, ना आपल्या देशाचे. पण तुमच्या-माझ्या वेळी हॉस्पिटलात बाळाला दूध पाजायच्या ज्या वेळा सांगितल्या जायच्या, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, त्यामागे याच माणसाचा हात होता. त्यांचं नाव सर फ्रेडरिक ट्रुबी किंग. जन्म १८५८, मृत्यू १९३८, देश न्यूझीलंड.

मी ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागात मुलीकडे राहते. आमच्या सँडरिंगहॅम रोडवर मसाल्याची आणि मिठाईची इतकी दुकानं आहेत की कधी कधी आपण परदेशात आहोत हेच विसरायला होतं. माझा नातू झाला तेव्हा एक नर्सबाई घरी आली. तिने बाळाला वजनकाट्यावर ठेवलं, डोक्याचा घेर मोजला, मग माझ्या मुलीजवळ बसून तिची झोप, तिचं मन कसं आहे तेही विचारलं. पैसे काही नाहीत. ही प्लंकेटची नर्स, असं मुलीने सांगितलं. मी स्वतः नर्सिंगचा डिप्लोमा करून आयुष्यभर वॉर्डात काम केलेली बाई. मला हे फार आवडलं. हे प्लंकेट कोण म्हणून चौकशी केली, तेव्हा ट्रुबी किंग हे नाव पुढे आलं.

त्याच आठवड्यात शेजारच्या गोऱ्या आजी बाळ बघायला आल्या. वय नव्वदीच्या जवळ. बाळ रडलं तसं मी पटकन उचललं. आजी बघत राहिल्या. मग म्हणाल्या की त्यांच्या वेळी असं उचलायची परवानगी नव्हती. बाळ बाबागाडीत घालून बागेत ठेवायचं आणि घड्याळात दहा वाजेपर्यंत थांबायचं. त्या दाराआड उभ्या राहून घड्याळ बघत रडायच्या, बाहेर बाळ रडायचं. साठ वर्षं झाली तरी ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले.

एकीकडे प्लंकेटची मायाळू नर्स आणि दुसरीकडे दाराआड रडणारी आई. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने दिल्या. म्हणून मी हे चरित्र वाचायला घेतलं.

ट्रुबी किंग यांचा जन्म १ एप्रिल १८५८ रोजी न्यूझीलंडच्या न्यू प्लिमथ गावी झाला. वडील बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, पार्लमेंटचे सभासदही झाले होते. मुलगा मात्र लहानपणापासून आजारी. क्षयाने छाती कमजोर झाली आणि एका डोळ्याची दृष्टी गेली. थोडी वर्षं त्यांनी बँकेत नोकरी केली, पण मन रमेना. १८८० साली ते डॉक्टर व्हायला परदेशी निघाले. पॅरिसमध्ये मज्जातंतूंचे प्रसिद्ध डॉक्टर शार्को यांचं काम त्यांनी बघितलं आणि पुढे एडिंबरोला शिकून १८८६ साली पदवी घेतली. तिथेच इझाबेला मिलर या हुशार मुलीशी लग्न केलं आणि दोघं न्यूझीलंडला परत आले.

१८८९ साली त्यांना ड्यूनेडिन शहराजवळच्या सीक्लिफ इथल्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख नेमलं. तेव्हा अशा जागांना कोणी हॉस्पिटल म्हणत नसे, लोक तिथे कोंडले जायचे. ट्रुबी किंग यांनी तिथलं जेवण सुधारलं, रुग्णांना शेतात, बागेत, गोठ्यात कामाला लावलं, मोकळ्या हवेत आणलं. सुमारे तीस वर्षं ते तिथे राहिले. हे काम करताना त्यांच्या मनात एक विचार घट्ट बसला. माणसाचं मन मोठेपणी बिघडतं खरं, पण त्याची मुळं बाळपणात असतात. बाळाची जोपासना नीट झाली तर पुढे ही इस्पितळं भरणार नाहीत, असं त्यांना वाटायचं.

वाचकहो, हा विचार लक्षात ठेवा. आज मेंदूचं शास्त्रही साधारण इथेच येऊन पोहोचलं आहे. ट्रुबी किंग शंभर वर्षांहून आधी त्या दाराशी उभे होते. पण दार त्यांनी अर्धंच उघडलं.

इस्पितळाच्या शेतावर वासरं हगवणीने मरत होती. ट्रुबी किंग यांनी दूध किती, कसं आणि किती वेळाने द्यायचं हे ठरवून दिलं, आणि वासरं जगायला लागली. त्या काळी गावोगावी उन्हाळ्यात बाळंही अशीच हगवणीने दगावत असत, कारण वरचं दूध नासकं आणि बाटल्या अस्वच्छ. जे वासरांसाठी केलं ते माणसाच्या बाळांसाठी का करू नये, असा त्यांचा सरळ हिशोब होता.

१९०४ साली ते जपानला गेले होते. तिथली बाळं गुटगुटीत, कारण आया अंगावर पाजतात, हे त्यांनी टिपलं. गंमत अशी की जपानी आया तेव्हा बाळाला पाठीशी बांधूनच सगळी कामं करायच्या. ट्रुबी किंग यांनी तिथून आईच्या दुधाचा धडा आणला, पाठीचा धडा मात्र तिथेच राहिला.

या नवरा-बायकोला स्वतःचं मूल नव्हतं. त्यांनी एक तान्ही मुलगी दत्तक घेतली, तिचं नाव मेरी. पुढे हीच मेरी वडिलांच्या पद्धतीचं पुस्तक लिहिणारी आणि त्यांचं चरित्र लिहिणारी झाली. समुद्रकाठी कॅरिटानी या गावी त्यांचं सुट्टीचं घर होतं. आजारी, वाळलेली बाळं ते तिथे आणून सांभाळू लागले. मे १९०७ मध्ये ड्यूनेडिनला सभा झाली आणि स्त्रिया व मुलं यांच्या आरोग्यासाठी एक संस्था निघाली. तेव्हाच्या गव्हर्नरची पत्नी लेडी व्हिक्टोरिया प्लंकेट ही स्वतः आठ मुलांची आई. तिने संस्थेला मनापासून हात दिला, म्हणून संस्थेला तिचंच नाव पडलं. प्लंकेटच्या नर्सेस घरोघरी जाऊन आयांना शिकवू लागल्या. अंगावर पाजा. ते जमत नसेल तर दूध असं उकळा, असं पातळ करा. बाटली धुवा. खिडकी उघडा. इझाबेलाबाई टोपणनावाने वर्तमानपत्रात बाळांविषयी सदर लिहीत, ते देशभर वाचलं जायचं.

याचा परिणाम मोठा झाला. १९०७ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांतली जवळजवळ ८८ वर्षाच्या आत मरत होती. तीस वर्षांनी हा आकडा ३२ च्या आसपास आला. पूर्ण श्रेय एकट्या ट्रुबी किंग यांचं नाही. स्वच्छ पाणी, चांगली घरं, लहान कुटुंबं यांचाही त्यात वाटा होता. शिवाय हे आकडे गोऱ्या लोकांचे, माओरी बाळांची गणती त्यात नव्हती. तरीसुद्धा, मी बाळांच्या वॉर्डात काम केलं आहे. उकळलेलं पाणी आणि धुतलेले हात यांनी किती जीव वाचतात ते मला कोणी सांगायला नको. या माणसाने हजारो आयांच्या मांड्या रिकाम्या होऊ दिल्या नाहीत, हे आधी मान्य करूनच मी पुढचं लिहिते.

आता घड्याळाकडे येऊ. ट्रुबी किंग यांचं म्हणणं असं होतं की बाळाला जन्मापासून शिस्त लागली पाहिजे. दूध चार चार तासांनी, रात्री अजिबात नाही. झोप वेगळ्या खोलीत नाहीतर उघड्या हवेत. रडलं म्हणून उचलायचं नाही, नाहीतर बाळ डोक्यावर बसेल. कुरवाळणं, खेळवणं अगदी बेताचं, कारण त्याने बाळाच्या नसांवर ताण येतो असं ते समजत. त्यांच्या मते ही बाळावरची माया कमी नव्हती, खरी माया हीच होती. मुलींनी फार शिकू नये, त्याने त्यांची आईपणाची शक्ती जाते, असंही ते जाहीरपणे मांडत. त्यांच्याच संस्थेचं काम शिकलेल्या नर्सेसच्या जोरावर चालत होतं, हे त्यांना कसं दिसलं नाही, देव जाणे.

१९१७ साली माजी गव्हर्नर लॉर्ड प्लंकेट यांनी त्यांना लंडनला बोलावलं. पहिल्या महायुद्धात तरुण मरत होते, इंग्रजांना साम्राज्यासाठी सशक्त बाळं हवी होती. तिथे हायगेटला आयांच्या शिक्षणाचं केंद्र निघालं. तिथून ही पद्धत इंग्लंडभर गेली, आणि इंग्रजी पुस्तकांतून आमच्यासारख्या नर्सेसच्या वह्यांपर्यंत आली. १९२५ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९२७ साली इझाबेलाबाई गेल्या. १० फेब्रुवारी १९३८ रोजी वेलिंग्टनला ट्रुबी किंग वारले. सरकारी पद नसलेल्या माणसाला सरकारी इतमामाने निरोप देण्याची ती या देशातली पहिली वेळ. वेलिंग्टनच्या मेलरोझ टेकडीवर, त्यांच्या घराच्या आवारातच दोघं पतिपत्नी विसावली आहेत. १९५७ साली त्यांच्या चेहऱ्याचं पोस्टाचं तिकीटही निघालं.

चरित्र इथे संपतं. पण त्यांनी सोडलेला प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

दूध मोजता येतं, वजन मोजता येतं. मांडीवर घेणं कशाने मोजायचं? ते मोजायचं काम पुढच्या लोकांनी केलं. त्यातले पहिले रेने स्पिट्झ. हे आपल्या ज्यू समाजात व्हिएन्नाला जन्मलेले डॉक्टर. १९४५ साली त्यांनी दोन ठिकाणच्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली. एक ठिकाण होतं टाकलेल्या बाळांचा आश्रम. अगदी स्वच्छ, डॉक्टर रोज येणार, दूध वेळेवर. पण एका नर्सकडे आठेक बाळं, आणि रोग पसरू नये म्हणून कॉटला चादरी बांधलेल्या, त्यामुळे बाळाला दिसायचं फक्त छत. दुसरं ठिकाण तुरुंगातलं पाळणाघर. तिथे कैदी आया स्वतःच आपापली बाळं सांभाळत. दोन वर्षांत त्या स्वच्छ आश्रमातली साधारण तिसरा हिस्सा मुलं मेली. जगली त्यातली कित्येक नीट चालू-बोलू शकत नव्हती. तुरुंगातलं एकही बाळ दगावलं नाही. स्पिट्झ यांच्या कामातल्या चुका पुढे लोकांनी दाखवल्या, पण मूळ गोष्ट टिकली.

मग रुमानिया. १९८९ साली तिथला हुकूमशहा चाउशेस्कू पडला, तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी अनाथाश्रमांत सापडली. पोटाला थोडंफार मिळत होतं, पण कोणी बोलणारं नव्हतं. जे लोक तिथे आत गेले त्यांना पहिला धक्का शांततेचा बसला. इतकी बाळं, आणि रडण्याचा आवाज नाही. रडून कोणी येत नाही हे बाळ शिकलं की ते रडणं सोडून देतं.

२००० सालापासून बुखारेस्टमध्ये अमेरिकन डॉक्टरांनी अशा १३६ लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या मुलांना चांगल्या पालक कुटुंबांत ठेवलं, बाकीची आश्रमात राहिली. डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज मोजली. आश्रमातल्या मुलांच्या मेंदूत ती मंद होती, बुद्धीही मागे पडलेली होती. कुटुंबात गेलेली मुलं सुधारली. त्यातही जी दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली ती जास्त सुधारली. इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या रुमानियन मुलांचा अभ्यास मायकेल रटर यांनी केला. जी सहा महिन्यांच्या आत बाहेर पडली, त्यातली बहुतेक इतर मुलांसारखीच वाढली. म्हणजे वेळेला किंमत आहे.

असं का होतं ते मी साध्या भाषेत सांगते. जन्मलेल्या बाळाचा मेंदू वजनाने मोठ्या माणसाच्या साधारण पाव असतो. दोन वर्षांत तो पाऊण होतो. एवढी वाढ पुन्हा कधी होत नाही. पेशी बहुतेक जन्मतःच असतात, पण त्यांच्यातले धागे जुळायचे असतात. पहिल्या वर्षांत हे धागे प्रचंड वेगाने जुळतात, आणि जे वापरले जातात तेच टिकतात, बाकीचे मेंदू स्वतःच छाटून टाकतो. बाळ हुंकार देतं, आई हं म्हणते, बाळ पुन्हा हुंकार देतं. या देवाणघेवाणीत धागे पक्के होतात. हुंकाराला उत्तरच आलं नाही तर तो धागा वाळतो.

दुसरी गोष्ट भीतीची. बाळ घाबरलं की त्याच्या अंगात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं. कोणी उचललं, छातीशी धरलं की ते खाली येतं. स्वतःला शांत करायचं बाळाला येत नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर शांत होत होत शिकतं. महिनोन् महिने कोणीच आलं नाही, तर भीतीची घंटा बिघडते. मग पुढे ते मूल सारखं दचकतं, चिडतं, किंवा अगदी दगडासारखं होतं.

इस्राएलमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना किबुत्झमधली मुलांची घरं आठवत असतील. बाळं रात्री तिथे झोपायची, रात्रपाळीची एक बाई अनेक बाळांवर लक्ष ठेवायची. ती बाळं उपेक्षित नव्हती, आईबाप रोज भेटायचे, लाड व्हायचे. तरीसुद्धा अभ्यासात दिसलं की आईबापाजवळ झोपणाऱ्या बाळांच्या मानाने तिथल्या कमी बाळांचा आईशी निर्धास्त जिव्हाळा जमत होता. शेवटी किबुत्झच्या आयांनीच बाळं घरी आणली, आणि ती रीत संपली.

आणि आता पुन्हा ट्रुबी किंग यांच्या ड्यूनेडिनला येऊ या. १९७२ ते १९७३ या एका वर्षात त्या शहरात जन्मलेल्या १,०३७ मुलांवर तिथल्या विद्यापीठाचे लोक आजतागायत लक्ष ठेवून आहेत. ही मुलं आता पन्नाशी ओलांडून गेली. तीन वर्षांची असताना त्यांच्या मेंदूची तपासणी झाली होती. पुढे असं दिसलं की ज्यांचा मेंदू तेव्हाच अशक्त होता, जी गरिबीत वाढली, ज्यांच्यावर लहानपणी अत्याचार झाले, तीच मुलं मोठेपणी जास्त करून आजारी, बेकार किंवा गुन्ह्यांत अडकलेली निघाली. म्हणजे मुळं बाळपणात आहेत हा ट्रुबी किंग यांचा विचार त्यांच्याच शहराने खरा करून दाखवला. फक्त मुळांना दुधाबरोबर आणखी काय लागतं, ते त्यांनी ओळखलं नाही.

इथे एक सांगितलं पाहिजे. ट्रुबी किंग यांच्या पद्धतीने वाढलेल्या मुलांचे मेंदू बिघडले असं मी म्हणत नाही, आणि तसं कोणी सिद्धही केलेलं नाही. घड्याळ बघणारी आई दाराआड का होईना, होती. ठरल्या वेळी ती येत होती. पुष्कळ आया तर नर्सची पाठ वळली की बाळ उचलत होत्या. एखाद्या रात्री बाळ रडत राहिलं म्हणून त्याचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते कोणीच न येण्याने, रोज, महिनोन् महिने. शेजारच्या आजींना मी हेच सांगितलं. त्यांचा मुलगा दर रविवारी फुलं घेऊन येतो, यातच सगळं आलं.

पण आमच्या वॉर्डातल्या एका बाळाचं मी अजून कोणाला सांगितलेलं नाही, ते आज सांगते.

मी मुंबईत शिकत होते तेव्हाची गोष्ट. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. मुलांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या कॉटमध्ये एक टाकलेलं बाळ होतं, सहा-सात महिन्यांचं. चार तासांनी दूध, वेळेवर लंगोट बदलणं, वजनाची नोंद, सगळं कागदोपत्री बरोबर. बाटली उशीला टेकवून आम्ही पुढच्या कॉटकडे जायचो, कारण एका नर्सकडे खूप मुलं. ते बाळ कधी रडायचं नाही. आम्ही म्हणायचो, किती शहाणं बाळ! नाईट ड्युटीला तर ते सगळ्यांचं लाडकं, कारण त्रासच नाही. वजन मात्र वाढत नव्हतं. दूध वाढवलं, औषध दिलं. ते छताकडे बघत डोकं इकडून तिकडे हलवत राहायचं, मागचे केस झिजून गेले होते.

तिथे एक आया होती, शिकलेली नाही. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिच्या काय मनात आलं, एके दिवशी तिने त्याला कडेवर घेतलं, आणि मग रोजच घ्यायला लागली. एका हाताने कपड्यांच्या घड्या घालायची, दुसरीकडे बाळ, तोंडाने बडबड चालूच. सिस्टर ओरडल्या, सवय लागेल म्हणून. मीही मनात म्हटलं, खरंच सवय लागेल. दोन-तीन आठवड्यांनी ती मावशी ड्युटी संपवून निघाली आणि ते बाळ रडलं. अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं रडलं. आम्हाला वाटलं, बघा, बिघडवलं. आज मला कळतं की ते बाळ त्या दिवशी बरं व्हायला लागलं होतं. पुढे वजनही वाढलं. नंतर ते बाळ एका संस्थेत गेलं. त्यापुढचं मला माहीत नाही.

त्याला शहाणं म्हणणाऱ्यांत मी होते. माझ्या वहीत दर चार तासांची नोंद होती आणि ती सगळी बरोबर होती. हे माझ्या मनाला आजही टोचतं.

आपल्या लोकांना कोकणात शनवार तेली म्हणत, हे आपण सगळे जाणतो. घाण्याचं तेल काढणारे आपण. आपल्या आज्या पायांवर बाळ घेऊन तेल चोळायच्या, टाळू भरायच्या, न्हाऊमाखू घालून धुरी द्यायच्या, आणि हे सगळं होईस्तोवर तोंडाने बाळाशी बोलणं चालू. आठव्या दिवशी सुंता झालेलं बाळ रडलं की एकामागून एक मांड्या पुढे यायच्या. आज्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. गुटी, काजळ, धुरी यांनी बाळांना त्रासही व्हायचा, आणि उकळलेल्या पाण्याचं शहाणपण आपल्याला ट्रुबी किंगसारख्यांकडूनच घ्यावं लागलं. आपल्या डॉ. जेरुशा झिराड लंडनला शिकून आल्या आणि कामा हॉस्पिटलात हजारो बायकांना सुखरूप सोडवलं, ते स्वच्छतेच्या नव्या शास्त्रावरच. दोन्ही हवं. पाणी डॉक्टरांचं, मांडी आजीची.

आता आपण सगळे आजी-आजोबा, काही पणजी-पणजोबा. घरात नातवंडं आली की सून म्हणते रडू दे, आपण म्हणतो उचल, यावरून शब्दाला शब्द वाढतो. माझं सांगणं एवढंच की भांडू नका. बाळाला झोपेची वेळ असणं चांगलंच आहे. पहिल्या काही महिन्यांत रडणाऱ्या बाळाला उचलल्याने ते बिघडत नाही, हे मात्र सुनेला प्रेमाने सांगा. तिला रात्री झोप नसेल, ती गप्प गप्प असेल, बाळाकडे बघत नसेल, तर तिला दोष देऊ नका, डॉक्टरकडे न्या. तोवर बाळ तुम्ही घ्या. बाळाशी आपल्या मराठीत बोला. घरात इंग्रजी असो की हिब्रू, त्याने बाळाचा गोंधळ होत नाही. हातात मोबाईल असेल तेव्हा बाळ तुमच्या तोंडाकडे बघतंय का, तेवढं पाहा. ते हुंकार देत असेल आणि तुमची नजर पडद्यावर असेल, तर फोन खाली ठेवा.

शेजारपाजारी एखादं मूल एकटंच पडलेलं, घाणीत, कोणी विचारत नाही असं दिसलं, तर आपल्याला काय करायचंय असं म्हणू नका. भारतात १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, फुकट लागतो. उशीर झाला असं कधीच नसतं. मोठी मुलंही मायेने सुधारतात, फक्त जास्त वेळ आणि जास्त धीर लागतो. पण जितकं लवकर तितकं बरं.

ट्रुबी किंग यांची प्लंकेट संस्था आजही न्यूझीलंडच्या गावोगावी आहे. तिच्या नर्सेस आता घड्याळ शिकवत नाहीत, बाळाला जवळ घ्या, त्याच्याशी बोला असं सांगतात. वजनकाटा मात्र तोच चालू आहे. संस्थेने आपल्या संस्थापकाचं चांगलं ते ठेवलं आणि चुकलं ते सोडलं, हे मला आवडतं.

माझा नातू आता शाळेत जातो. परवा शेजारच्या आजी आल्या होत्या. त्यांच्या पणतीला पहिल्यांदाच घेऊन आल्या, दीड महिन्याची. ती रडायला लागली तशी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे बघितलं, आणि तिला उचलून खांद्यावर घेतलं. मी चहा टाकायला आत गेले.

तुम्हा सर्वांना, तुमच्या मुलांना, नातवंडांना शालोम.